मुंबई बघायची तर आधी लाइन ठरवा, ठिकाणं मग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरहून जानेवारीत चार दिवस मुंबईला येताय, ठाण्यात मावशीकडे उतरणार, सोबत ६८ वर्षांचे बाबा आणि १२ वर्षांचा मुलगा, गेटवे-जुहू-हाजी अली आधी होऊन गेलंय, आता लोकल आणि बसनेच फिरायचंय, टॅक्सीवर पैसे घालवायचे नाहीत, सहसा कोणी बघत नाही अशी मुंबई बघायची आणि जिथे जाल तिथलं खायचं. मी हेच काम करते, लोकांना मुंबई पायी फिरवायचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ काढा.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही जी पंचवीस ठिकाणांची यादी केलीय ना, ती बाजूला ठेवा. यादीत सकाळी बाणगंगा, दुपारी कान्हेरी, संध्याकाळी शिवडी असं आहे, आणि हे नकाशावर जमतं पण प्रत्यक्षात दिवसभर नुसते जिने चढता-उतरता आणि गाड्या बदलता. मुंबई उभी पसरलीय, उत्तर-दक्षिण, आणि माणसं रेल्वेच्या लाइनींना धरून राहतात. म्हणून एका दिवसाला एक लाइन धरायची, त्या लाइनीवर दोन किंवा फार तर तीन स्टेशनं निवडायची, प्रत्येक स्टेशनच्या बाहेर पडून पायी जेवढं होतं तेवढंच बघायचं आणि तिथेच खायचं. इथे प्रत्येक स्टेशनच्या बाहेर वेगळं गाव आहे, माटुंग्याला उतरलं की केळीचं पान आणि मोगऱ्याचे गजरे, आणि पुढच्याच स्टेशनला दादरला उतरलं की साबुदाणा वडा आणि पुस्तकांची दुकानं. हे अंतर गाडीने तीन-चार मिनिटांचं आहे.

दुसरी गोष्ट गर्दीची. बाबा सोबत आहेत म्हणून हे नीट लक्षात घ्या. सकाळी साधारण आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ सगळी उत्तरेकडे परत येते. तुम्ही ठाण्यातून म्हणजे नेमके याच गर्दीच्या दिशेने जाणार. तर एकतर सकाळी साडेसहा-सातला निघा, नाश्ता बाहेरच करा, नाहीतर सरळ अकरानंतर निघा, मधलं काही करू नका. परत येताना पाचच्या आत गाडीत बसा किंवा मग जेवूनच नऊ-साडेनऊनंतर निघा. आणि ठाण्याचा एक मोठा फायदा आहे तो वापरा, ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकल असतात, त्या रिकाम्या लागतात, त्यामुळे बाबांना खिडकी मिळते. फास्टने पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि स्लोने तासभर, या पंधरा मिनिटांसाठी कल्याणहून भरून आलेल्या फास्टमध्ये घुसायची काही गरज नाही. परतीलाही तेच, इंडिकेटरवर ठाणे लिहिलेली स्लो बघा, सीएसएमटीलाच, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच बसा, शेवटचं स्टेशन ठाणेच असल्यामुळे उतरायची घाई नाही.

ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये आहे. दिवसभर चढ-उतार करायचं असेल तर टुरिस्ट तिकीट काढा, एक दिवसाचं, तीन दिवसांचं आणि पाच दिवसांचं मिळतं, खिडकीवर नीट "टुरिस्ट तिकीट" म्हणून मागा, ते घेतलं की प्रत्येक स्टेशनवर रांगेत उभं राहायचं संपतं. एसी लोकलचं तिकीट मात्र वेगळं, साधं तिकीट घेऊन चुकून चढलात तर दंड बसतो. फोनमध्ये लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर टाकून घ्या, मुंबईतली अर्धी माणसं त्यावरच चालतात, आणि बेस्टच्या बससाठी चलो अ‍ॅप, त्यात बस कुठपर्यंत आलीय ते दिसतं.

डब्यात शिरल्यावर दाराशी उभं राहायचं नाही, आत पॅसेजमध्ये सरकायचं. आणि उतरायचं असेल त्याच्या आधीच्या स्टेशनलाच दाराकडे निघायचं, समोरच्याला विचारायचं "दादर उतरणार?", तो हो म्हणाला की त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर तो स्वतःच बाजूला होऊन तुम्हाला पुढे करतो. एवढं एक वाक्य आलं की लोकलची निम्मी भीती जाते. तिघांच्या सीटवर चौथा माणूस टेकतो, तो हक्काने "जरा सरका" म्हणेल, रागावू नका, इथे ती रीतच आहे. चढताना मुलाचा हात बाबांनी नाही, तुम्ही धरा. आणि चुकामूक झालीच तर जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, हे तिघांनी आधी ठरवून ठेवा.

आता दिवस.

पहिला दिवस मध्य रेल्वेचा ठेवा, कारण ती तुमच्या दारातली लाइन आहे आणि हिच्यावरच १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली, म्हणजे तुम्ही ज्या वाटेने जाणार ती देशातली पहिली वाट आहे, मुलाला हे गाडीत बसल्यावर सांगा. पहाटे लवकर निघून आधी दादरला उतरा. दादर वेस्टला पुलाखाली फुलबाजार भरतो तो सूर्य उगवायच्या आधीपासून सुरू असतो आणि आठ-नऊला त्याचा जोर ओसरतो, झेंडूची पोती, शेवंती, कमळाच्या कळ्या, डोक्यावर टोपली घेऊन येणारा हमाल "बाजू, बाजू" ओरडत येतो तेव्हा पटकन भिंतीला लागायचं. फोटो काढायचा तर आधी दहाची फुलं घ्या, माणसं हसून उभी राहतात. एक सूचना, दादरला प्लॅटफॉर्मचे नंबर २०२३ च्या डिसेंबरात बदलले, आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ पासून पुढे, त्यामुळे मावशींनी जुने नंबर सांगितले तर ते धरू नका, बोर्ड वाचा.

नाश्ता दादरलाच. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, आस्वादमध्ये थालीपीठ किंवा मिसळ, मामा काणेंकडे बटाटेवडा, ते दुकान १९१० पासूनचं आहे आणि स्टेशनच्या अगदी जवळ. तुम्ही सोलापूरचे, तिखट खाणारे, तर दादरची मिसळ तुम्हाला गुळमट लागणार हे आधीच सांगते. ती तशीच असते, तिच्याकडून झणझणीतपणाची अपेक्षा ठेवू नका, मटकीची किंवा वाटाण्याची उसळ, वर थोडा रस्सा, बटाट्याची भाजी, फरसाण, आणि हे सगळं जिभेला भाजत नाही म्हणून त्यातला गोडा मसाला कळतो. झणझणीत हवी असेल तर ती तुमच्या मावशीच्या गावातच आहे, ठाणे स्टेशनजवळची मामलेदार मिसळ, तिथे तिखट किती ते विचारून देतात, आणि तिथलं मीडियमसुद्धा घाम काढतं. वडापावचं म्हणाल तर तो जन्मला दादर स्टेशनच्या बाहेर, १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्यांच्या गाडीवर, असं मानलं जातं. आज मी माणसांना कीर्ती कॉलेजजवळच्या अशोक वडापावला नेते, तिथे वड्यासोबत चुरा घालतात, म्हणजे तळताना कढईत सुटलेले बेसनाचे कुरकुरीत कण. पाव मऊ, वडा गरम आणि मध्ये हा चुरा, दाताखाली आधी तोच येतो. जादा चुरा मागा, देतात.

दादरहून पुन्हा स्लो पकडून भायखळा. हे स्टेशन घाईत बघायचं नाही. दगडी बांधणीचं जुनं स्टेशन आहे, मधे वर्षानुवर्षं रंगाच्या थरांखाली आणि बोर्डांमागे दडलं होतं, नीट साफसफाई आणि दुरुस्ती केली आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा वारसा जतनाचा पुरस्कार मिळाला. कमानी, लोखंडी खांब, लाकडी काम, सगळं रोजच्या गर्दीत उभं आहे आणि बहुतेक माणसं मान वर न करता निघून जातात. बाहेर पूर्वेला राणीची बाग, तिच्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. मुंबईत एकच संग्रहालय बघायचं असेल तर मी हेच सांगेन, मोठं नाही, बाबा दमणार नाहीत, आणि आतलं सोनेरी-हिरवं छत आणि जुन्या मुंबईचे नकाशे, मातीच्या बाहुल्या, कारागिरांचे छोटे नमुने बघून मुलगा कंटाळणार नाही. बाहेर एक दगडी हत्ती आहे तो नक्की बघा, हाच तो घारापुरीचा हत्ती ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो तिकडून हलवताना तुटला आणि नंतर जोडून इथे उभा केला. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद, आणि संग्रहालय अधूनमधून दुरुस्तीला बंद असतं म्हणून निघायच्या आधी चौकशी करा. जवळच दोन उड्डाणपुलांच्या मधे खडा पारशी उभा आहे, सेठ खुरशेदजी माणेकजी यांचा पुतळा, खाली बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या मूर्ती, एवढं देखणं काम आणि आजूबाजूला नुसता हॉर्न. थांबून बघणारा मला तिथे क्वचितच दिसतो.

भायखळ्याहून एक स्टेशन मागे चिंचपोकळी, तिथे उतरून लालबाग. चिवडा गल्ली आहे, मावशीसाठी पोह्याचा चिवडा तिथून घ्या. आणि त्याच भागात मिरचीची दुकानं, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पोत्यांतून उघडी ठेवलेली. खरा हंगाम मार्चपासून पुढे, तेव्हा बायका घरून यादी घेऊन येतात, मिरच्यांची देठं तिथेच बसून काढून देणाऱ्या बायका असतात, खडा मसाला समोर भाजला जातो आणि मग कांडपाच्या यंत्राखाली, लोखंडी मुसळं वर-खाली होतात आणि अख्ख्या गल्लीला शिंका येतात. आपला डबा आपणच धरून बसायचं, दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून. जानेवारीत एवढं सगळं दिसणार नाही, पण दुकानदाराला विचारलंत तर कुठली मिरची रंगाला आणि कुठली तिखटपणाला हे तो मनापासून सांगतो. हा गिरणगाव आहे, १८ जानेवारी १९८२ ला इथे गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मग हळूहळू भोंगे थांबले, आज टॉवर दिसतात त्यांच्या पायाशी अजून गिरण्यांच्या काही धुराच्या चिमण्या उभ्या आहेत, त्या शोधायचं काम मुलाला द्या.

सीएसएमटी दुसऱ्या दिवशी ठेवा, पहिल्या दिवशी एवढं पुरे.

दुसरा दिवस फोर्ट, गिरगाव, बाणगंगा, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे म्हणून इथे वेळ द्या. सीएसएमटीला गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. लोकलच्या तिकीट खिडक्या आहेत ना, त्या हॉलला स्टार चेंबर म्हणतात, छताकडे बघा, निळ्या-सोनेरी रंगातले तारे आहेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी ही इमारत उभी केली, १८७८ ला काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहाएक वर्षं लागली, आणि कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं, म्हणून त्यात आपल्याकडचे मोर, माकडं, पानं-फुलं सापडतात. बाहेरच्या फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसलेत, सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची, रस्ता ओलांडून तिथून मागे वळून स्टेशन बघायचं. स्टेशनच्या मागच्या अंगाला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या फोर्ट जॉर्जच्या तटबंदीचा तुकडा शिल्लक आहे, आपण ज्या भागाला फोर्ट म्हणतो त्या फोर्टची दिसणारी भिंत ती एवढीच, आणि ती बघायला कोणी जात नाही.

नाश्त्याला स्टेशनसमोरच्या गल्लीत पंचम पुरीवाला, पुरी-भाजी, पोटभर आणि स्वस्त. मग चालत हॉर्निमन सर्कल. वाटेत लाल रंगाची मुंबई समाचारची इमारत, १८२२ पासून हे गुजराती वर्तमानपत्र अखंड निघतंय, आशियातलं सगळ्यात जुनं. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बाबांना बसवा, समोर वडाच्या झाडांचा गोल बगीचा. पलीकडे सेंट थॉमस कॅथिड्रल, १७१८ चं, किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इथे यायचं तो चर्चगेट, आणि इंग्रजांनी शहरातले मैल इथूनच मोजले. ते मैलाचे दगड, रोमन आकड्यांचे, रस्त्यांची उंची वाढत गेली तसे फूटपाथमध्ये बुडाले होते, अलीकडे पालिकेने त्यातले काही खणून वर काढलेत, काळबादेवीपासून दादर-परळपर्यंत चालताना फूटपाथच्या कडेला लक्ष ठेवा. मुलाला डबल डेकरची हौस असेल तर जुन्या लाल डबल डेकर २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या, पण एसी इलेक्ट्रिक डबल डेकर आहेत, सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणारी ११५ नंबरची, वरच्या मजल्यावर पुढची सीट धरा आणि शेवटच्या स्टॉपला जाऊन त्याच बसने परत या. एसी बसचं कमीतकमी तिकीट १२ रुपये. बेस्टचे नंबर आणि मार्ग बदलत राहतात, म्हणून स्टॉपवर उभ्या माणसाला एकदा विचाराच, मुंबईत बसचा पत्ता सांगायला कोणी कंटाळत नाही.

गिरगावला जायला आता फार सोपं झालंय. भुयारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली ती २०२५ च्या ऑक्टोबरात, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि त्यात काळबादेवी आणि गिरगाव अशी दोन्ही स्टेशनं मिळाली. सीएसएमटीहून दुसरं स्टेशन गिरगाव. तिकीट वरच काढून घ्या, खाली नेटवर्क मिळेलच असं नाही. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही, स्वच्छतागृहंही मेट्रोचीच वापरा, रेल्वेपेक्षा बरी असतात.

गिरगावात बाहेर आलात की मोठ्या रस्त्याने चालू नका, वाड्यांमधून चाला. खोताची वाडी तर बघालच, लाकडी घरं, बाहेरून जिने, रंगवलेले कठडे, दारात छोटा क्रॉस आणि तुळशीवृंदावनही. मूळची पासष्टच्या आसपास घरं होती, त्यातली निम्मीही उरली नाहीत, आणि जी उरलीत त्यात माणसं राहतात, म्हणून एक विनंती, खिडकीतून आत फोन घालून फोटो काढू नका, जिन्यावर बसू नका, आवाज हळू. दुपारी एक ते चार तिथे वामकुक्षी असते, सकाळीच जा. तिथून ठाकूरद्वारच्या बाजूला केशवजी नाईकांची चाळ, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये याच चाळीत बसला. गणपती नसताना गेलात तरी चाळ बघण्यासारखी आहे, लांब सज्जे, सामाईक नळ, एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलायची सोय. आत जाताना दारातल्या आजोबांना सांगून जा, ते बहुतेक स्वतःच फिरवतील.

जेवायला ठाकूरद्वारजवळ विनय हेल्थ होम, मिसळ, उपमा, थालीपीठ, किंवा पणशीकरांकडे पीयूष आणि साबुदाण्याची खिचडी. मासे खाणारे असाल तर गिरगावपेक्षा दादरची मालवणी-गोमंतक हॉटेलं बरी. इराणी चहा प्यायचा तर धोबी तलावाला कयानी, १९०४ चं, ब्रून मस्का चहात बुडवून, आणि मुलाला मावा केक.

मग चौपाटीहून वाळकेश्वरची बस. बाणगंगेला दुपारी चारच्या पुढे पोचा. मलबार हिलचे टॉवर, गाड्या, सिक्युरिटी, आणि त्यातून एक उतार खाली गेला की एकदम दगडी पायऱ्यांचं तळं, कडेने दीपमाळा, देवळं, बदकं. समुद्र अगदी मागे आहे तरी पाणी गोडं आहे, खाली झरा आहे म्हणून. वाळकेश्वरचं आधीचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं आणि सारस्वत व्यापारी रामा कामतींनी १७१५ च्या सुमाराला ते पुन्हा बांधलं. रामाने बाण मारला आणि पाणी आलं ही कथा तिथला प्रत्येकजण सांगेल, ऐकून घ्या. तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घाला, मागच्या बाजूला गोसाव्यांच्या समाध्या आहेत, तिथपर्यंत फारसं कोणी येत नाही. पायऱ्या गुळगुळीत झाल्यात, बाबांना वरच्या काठानेच फिरवा. अंधार पडायच्या आत बस पकडलीत तर गर्दीत सापडाल, त्यापेक्षा चौपाटीवर थांबा, कुल्फी खा, जेवा आणि साडेनऊनंतर निघा.

तिसरा दिवस कान्हेरी. ठाण्याहून बोरिवलीला लोकल थेट जात नाही, त्यामुळे लोक घोडबंदरच्या बसमध्ये अडकून बसतात. त्यापेक्षा ठाणे ते घाटकोपर लोकल, घाटकोपरहून मेट्रो १ ने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन, तिथून पुलाने जोडलेलं गुंदवली, आणि मेट्रो ७ ने राष्ट्रीय उद्यान स्टेशन, उतरलं की नॅशनल पार्कचं फाटक जवळच. सोमवारी बंद. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, आतली बस असते, चालत नेऊ नका बाबांना. १०९ लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत. तीन नंबरचं चैत्य बघा, कार्ल्याच्या वळणाचं, आणि मग डोंगरावर थोडं चढून पाण्याची व्यवस्था बघा, हीच कान्हेरीची खरी गंमत आहे. खडकावरून येणारं पावसाचं पाणी बोटभर रुंदीच्या पन्हळींतून वळवून प्रत्येक लेण्याच्या पोढीत, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यात सोडलंय, पन्हळीत बोट घालून बघा, उतार लागतो. काही पोढ्यांत जानेवारीतही पाणी असतं. ९० नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. आत खायला फारसं मिळत नाही, डबा न्या, पण माकडांसमोर पिशवी उघडू नका. दुपारपर्यंत परत फिरा, आणि वाटेत अंधेरीला दम असेल तर वेस्टला गिल्बर्ट हिल, बसाल्टचे उभे खांब, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, वस्तीच्या मधोमध. जिना चढवायचा नसेल तर खालूनच बघा, खालूनच ते खांब नीट दिसतात.

चौथा दिवस हलका ठेवा. सकाळी माटुंगा, तिथे फास्ट थांबत नाही, स्लोनेच जा, आणि या स्टेशनचा सगळा कारभार २०१७ पासून महिला बघतात. राम नायकांचं उडुपी स्टेशनसमोरच आहे, १९४२ पासूनचं, दुपारी केळीच्या पानावरचं जेवण. त्याआधी भूक लागली तर कॅफे मद्रास किंवा राम आश्रय, रांग असते पण भरभर सरकते, फिल्टर कॉफी स्टीलच्या पेल्यातच घ्या. तिथून पुढचं स्टेशन सायन, तिथली टेकडी चढलात तर सायनचा किल्ला, इंग्रज गव्हर्नर जेरार्ड ऑन्जियरच्या काळातला, १६६९ ते १६७७, इंग्रजांच्या मुंबईची हद्द इथे संपायची आणि पलीकडे पोर्तुगीजांचं साष्टी बेट. आता पडझड झालीय, पण वरून पूर्वेकडे खाडीपर्यंत नजर जाते.

राहिले तुमच्या यादीतल्या शिवडीचे फ्लेमिंगो. शिवडीचं सगळे सांगतात, हार्बर लाइनचं स्टेशन आहे, शिवडीचा किल्लाही १६८० चा आहे, बघण्यासारखा. पण अटल सेतूचं काम झाल्यापासून तिथे पूर्वीसारखे पक्षी जवळ येत नाहीत, आणि तुम्ही ठाण्यात आहात, मग एवढ्या लांब कशाला. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लाइनच्या लोकलने दिघा गाव सोडलं की ऐरोली, तिथून रिक्षाने वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ठाणे खाडी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, आणि या केंद्रातून बोटीने खाडीत नेतात, दोन्ही बाजूंनी खारफुटी आणि मधे चिखलावर रांगेने चरणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. डिसेंबरपासून ते यायला लागतात, जानेवारीत असतात, फेब्रुवारी-मार्चला आणखी वाढतात. बोटी भरती-ओहोटी बघून सुटतात, रोज वेळ वेगळी, म्हणून आधी बुकिंग करा, नुसतं जाऊन उभं राहिलात तर परत यावं लागतं. पक्षी जवळून बघायला भरतीचं पाणी चढत असताना किंवा उतरत असताना जायचं, पूर्ण ओहोटीला ते खूप आत चिखलात असतात.

चारातला एक दिवस रविवार असेल तर त्या दिवशी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार गाड्या कमी आणि उशिरा, फास्ट-स्लो इकडचे तिकडे. रविवारी फोर्ट-गिरगावचा दिवस ठेवा, दहाच्या आत सीएसएमटीला पोचा, ऑफिसं बंद असल्यामुळे रस्ते मोकळे असतात आणि इमारती नीट दिसतात, फक्त बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल त्या दिवशी मिळणार नाही. कान्हेरी सोमवारी नको, भायखळा बुधवारी नको, बाकी दिवस कसेही फिरवा. तारखा नक्की झाल्या की इथेच सांगा, त्या दिवसांची भरतीची वेळ बघून ऐरोली सकाळी ठेवायची की दुपारी ते सांगते.